तिसरं ताट

हे मी आजवर कुणापुढं काढलेलं नाही. पोटी पोरबाळ नाही, आणि भावकीला सांगायची छाती नाही. तुम्ही मला ओळखत नाही — म्हणून तुम्हाला सांगतो.

माझी बायको सुमन गेल्या माघात गेली. पण तिचं नाव सुमन नव्हतं. धापू होतं. पाकिस्तानातल्या सिंधमधून ती बापाबरोबर जीव घेऊन आलेली. सांगलीत हळदीच्या बाजारात मी पोती उचलायचो, तिथं बापलेक हळकुंडं निवडायला यायची. त्यांच्यात मुलीवर मुली झाल्या की 'आता पुरे' म्हणून धापू ठेवतात. आपल्याकडं नकुशा ठेवतात, तसंच. लग्नात आपल्या रीतीनं मी तिचं नाव बदललं. ताटातल्या तांदळात अंगठीनं माझ्याच हातानं लिहिलं — सुमन. आणि वडूजजवळच्या आमच्या गावात सांगितलं, बाई गुजरातकडची आहे.

तिथंच नासलं का सगळं? का आधीपासून माझ्यातच काही नासकं होतं?

पुढं तिनं इथलं नागरिक व्हायला अर्ज केला. तो फेटाळला. पासपोर्टवरची धापू आणि रेशनकार्डावरची सुमन एकच बाई कशावरून? बाप तोवर मेलेला, सांगणार कोण? तिनं वरच्या साहेबाकडं अपील केलं. मला म्हणाली, "मरायच्या आत इथली व्हायचंय मला. न्हाईतर कुठली म्हणून जाळशीला?"

वकील म्हणाला, बाबा, सोपं आहे, लग्नात नाव मी बदललं एवढं बोला. तांदळाचं सांगा. एक वाक्य — एवढंच माझं काम होतं हो.

साताऱ्याला कचेरीत साहेबानं विचारलं, ही लग्नाआधी धापू होती, हे तुम्हाला माहीत आहे ना? मी तोंड उघडलं. दार उघडं होतं. बाहेर बाकावर आमच्या भावकीतला ज्ञानू बसलेला, कसल्याशा सातबाऱ्याच्या कामाला आलेला. कान इकडंच. उद्या गावभर काय होईल? याच्या घरात पाकिस्तानची बाई हाय —

मी म्हणालो, "मी सुमनला वळखतो. ही धापू कोण, मला ठावं न्हाई."

ती माझ्या शेजारीच उभी होती. रडली नाही. फक्त मान वळवून आपल्या डाव्या अंगाला बघितलं — तिथं कुणी उभं असावं तसं. अपीलही फेटाळलं गेलं.

त्या दिवशी दिवेलागणीला तिनं तीन ताटं वाढली. हे कुणाचं, म्हणून मी विचारलं.

"तुमी वळखत न्हाई तिचं."

मग रोज तिसरं ताट. आपल्या बोलीत ती त्या ताटाशी हळू बोलायची. मधेच थांबून ऐकायची, हसायची. आणि मी? खाली मुंडी घालून भाकरी गिळायचो. जेवण झालं की तिसरं ताट रिकामं असायचं. कोण जेवायचं? मी एकदाही मान वर करून बघितलं नाही.

ती गेल्यावर दहाव्याला येरळेच्या काठावर पिंड ठेवला. झाडभर कावळे, पण एक शिवेना. भावकी म्हणाली, सुमनचं मन कशात अडकलंय ते बोल, कबूल कर. कशात अडकलंय हे मला ठाऊक नव्हतं का? तिच्या खऱ्या नावानं एक हाक मारायची होती. पण ज्ञानू शेजारी उभा. मी म्हणालो, काय न्हाई राहिलं तिचं. शेवटी भटजीनं दर्भाच्या गवताचा कावळा करून पिंडाला शिववला. झाडावरचे कावळे उडाले नाहीत. माझ्याकडं बघत बसले.

आता मी दोन ताटं वाढतो. परवा दिवे लावायच्या वेळी, आसपास कुणी नाही असं बघून — तेव्हाही बघूनच — उंबऱ्यातून पहिल्यांदा हाक मारली, "धापू."

आत भांड्याला भांडं लागलं. मग तिच्याच आवाजात, दारात परका आल्यावर विचारावं तसं आलं, "कोन हाय?"

मी माझं नाव सांगितलं.

आतून परत तेच आलं, "कोन हाय?"