बुरुल एजेची विचारपूस

बुरुल एजे बिघडलेल्या कॉम्प्युटरसमोर बसली की पहिली काही मिनिटं काहीच करत नाही. हात मांडीवर ठेवते, चष्मा जरा खाली ओढते आणि पडद्यावरचा मजकूर शेवटच्या अक्षरापर्यंत वाचते. ज्यांचं काम अडलेलं असतं ते मागे उभे राहून चुळबुळतात. तिला त्याचं काही नसतं. लोक मजकूर वाचत नाहीत, नुसता लाल रंग वाचतात, असं ती म्हणते.

एजे म्हणजे ताई. आमच्या खोऱ्यात या ताईला सगळेच बोलावतात. दवाखाना, टपाल कचेरी, दूध संकलन केंद्र. मशिदीचा ध्वनिक्षेपक मुका झाला तेव्हा मुल्लांनीही तिलाच निरोप धाडला होता.

ती घोडे राखणाऱ्याची मुलगी. राजधानीत गणित शिकली आणि मोजमापाची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात लागली. दोन वर्षांत देश फुटून नवा झाला, कारखान्याला कुलूप लागलं. मग आठ वर्षं तिनं बाजारात मालवाहू लोखंडी पेटाऱ्यात थाटलेल्या दुकानात मोजे विकले. गिऱ्हाईक नसेल तेव्हा मोज्यांच्या ढिगावर पुस्तक उघडं ठेवून ती प्रोग्रॅम लिहायला शिकली. जवळ कॉम्प्युटर नव्हता, म्हणून वहीत लिहायची आणि मनातच चालवून बघायची. न वाचता पुढे जायचं नाही, ही सवय तिथलीच असावी. आई आजारी पडली तेव्हा ती गावी परतली आणि शाळेत कॉम्प्युटरची शिक्षिका म्हणून लागली, त्याला आता बावीस वर्षं झाली.

माझा साहित्याचा वर्ग तिच्या वर्गाला लागून आहे. दरवर्षी पहिल्या तासाला भिंतीपलीकडून मुलांचे आवाज येतात. एकेक मूल उठून आपल्या सात पिढ्यांची नावं म्हणतं: बाप, आजा, पणजा, थेट सातव्यापर्यंत. आमच्याकडे चालतं-बोलतं झालेल्या प्रत्येक मुलाला ती यावी लागतात. जो अडखळतो त्याला बाकीचे हसतात. सगळ्यांचं झालं की एजे टेबलावरच्या कॉम्प्युटरकडे बोट दाखवून म्हणते, आता यालाही विचारा. यातला कुठलाही प्रोग्रॅम आभाळातून पडलेला नाही. तो कुणाच्या तरी आधारावर उभा आहे, आणि तो कुणीतरी आणखी कुणाच्या.

तिची ही विचारपूस खरी कशासाठी होती, ते मला यंदाच्या मार्चमध्ये कळलं.

नौरूझ, म्हणजे आमचं वसंतातलं नवं वर्ष, होऊन तीन दिवस झाले होते. शाळेला वसंताची सुट्टी होती. सकाळी नऊच्या सुमारास सारी-बेल खिंडीतल्या हिमस्खलन चौकीवरून माम्बेत बाइकेंचा फोन आला. चौकीचे ते प्रमुख; बाइके म्हणजे दादा. वरच्या उतारावर त्यांचे तीन खांब आहेत. बर्फ किती साचला, वारा किती, थंडी किती, हे त्या खांबांवरची यंत्रं मोजतात. ते आकडे एक प्रोग्रॅम वाचतो, कागदावर छापतो, आणि त्या कागदावर सही झाली की खिंडीचा रस्ता उघडतो. रात्री वीज जाऊन आली, तेव्हापासून प्रोग्रॅम उघडत नव्हता. गाडीत जागा होती, म्हणून एजेबरोबर मीही गेले.

चौकीच्या फाटकाशी सात-आठ गाड्या खोळंबल्या होत्या. सगळ्यांत पुढच्या निळ्या गाडीला टेकून एक माणूस उभा होता. चाळिशीचा, दाढी वाढलेली, डोक्यावर कालपाक, आमच्याकडची उंच लोकरी टोपी. त्याचं नाव एर्मेक. त्याची आई आदल्या दिवशी खिंडीपलीकडच्या गावात वारली होती. दफन दुसऱ्या दिवशी दुपारी होतं. एकुलता एक मुलगा, म्हणून वडीलधाऱ्यांनी तेवढी वाट बघायचं कबूल केलं होतं. त्याहून जास्त मृताला ताटकळत ठेवत नाहीत. वळसा घालून जायचं तर दोन दिवस लागले असते. खिंडीतून पाच तास.

आत माम्बेत बाइके टेबलाशी बसले होते. शेजारी चौकीची कारकून गुल्सून चहा ओतत होती, आणि सकाळपासून किती जणांनी किती उपाय केले ते सांगत होती. प्रोग्रॅम जावा या भाषेत लिहिलेला आहे. जावाचा प्रोग्रॅम कुठल्याही मशीनवर चालतो खरा, पण खांबांकडून येणाऱ्या तारेशी बोलायला त्याला त्या त्या मशीनच्या बोलीतली एक छोटी फाइल लागते. लायब्ररी म्हणतात तिला. पडद्यावर लाल अक्षरांत आलं होतं की ती लायब्ररी मिळत नाही. राजधानीतल्या कचेरीतून एक तज्ज्ञ फोनवर होता. त्याच्या सांगण्यावरून गुल्सूननं ती फाइल पुन्हा पुन्हा आणून पाच ठिकाणी ठेवली होती. तरी मशीन म्हणत होतं, मिळत नाही. आता तज्ज्ञाचं मत पडलं होतं की विजेच्या झटक्यानं मशीनच गेलं. दुसरं परवा पाठवतो.

"परवा," माम्बेत बाइके म्हणाले. एवढंच.

एजेनं कोट काढला, खुर्ची ओढली आणि वाचायला लागली. मग एक छोटी आज्ञा देऊन तिनं प्रोग्रॅमकडूनच वदवून घेतलं, की बाबा, तू ही फाइल नेमकी कुठकुठे शोधतोस? ठिकाणांची यादी आली. यादीतल्या दुसऱ्या क्रमांकाच्या ठिकाणी फाइल होती. म्हणजे पत्ता चुकलेला नव्हता. मग तिनं बघितलं की जावा चौसष्ट बिटांचा आणि फाइल बत्तीसची असं तर झालेलं नाही. तसं झालं की दोघं एकमेकांना ओळखतच नाहीत. तेही नव्हतं. गुल्सूननं आणलेल्या पाच प्रती तिनं एकेक करून काढून टाकल्या आणि मूळची एकच ठेवली. गुल्सूनचा चेहरा पडला.

"एका माणसाला शोधायला पाच पुतळे उभे केलेत," एजे म्हणाली. "आता खरा कुठला ते त्यालाही कळेना."

तेवढ्यात फोनवरच्या तज्ज्ञाला एक युक्ती सुचली. त्याच्याकडे प्रोग्रॅमची दुसरी प्रत होती, लायब्ररी न मागता उघडणारी. कचेरीत नवख्यांना शिकवायला तीच वापरायचे. ती शेवटचे साठवलेले आकडे दाखवते. कागद छापून निघेल, सही होईल, गाड्या जातील. शेवटचे आकडे रात्री वीज जाण्याआधीचे होते आणि त्यांत धोका नव्हता. एर्मेक दारात उभा राहून ऐकत होता. तो आत आला. माम्बेत बाइकेंनी पेन उचललं नव्हतं, पण त्यांचा हात टेबलावर पेनाजवळ होता.

एजेनं खिडकीबाहेर बघितलं. शिडाच्या कापडासारखा बर्फ कड्यावरून उडत होता. वारा रात्री सुरू झाला होता, वीज गेल्यानंतर.

"ती प्रत उतरवू नका," ती म्हणाली.

एर्मेक म्हणाला, "एजे, आकडे चांगले आहेत म्हणतायत ते."

"कालचे चांगले आहेत."

"माझी आई तिकडे आहे. तुमच्या मशीनच्या हट्टापायी मी इथे बसू?"

एजेनं चष्मा काढला आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट बघितलं.

"बाळा, बंद पडलेला प्रोग्रॅम निदान सांगतो तरी की मला दिसत नाही. तो दुसरा आंधळा असून डोळे उघडे ठेवून बसलाय. त्याच्या भरवशावर मी तुला पाठवणार नाही. मला दोन तास दे. नाही जमलं तर तुझ्या गावच्या वडीलधाऱ्यांना मी स्वतः फोन करीन आणि शिव्या खाईन."

एर्मेक बाहेर गेला. खिडकीतून त्याचा कालपाक तेवढा दिसत राहिला.

मग एजेनं लाल मजकुराची शेवटची ओळ आमच्याकडून मोठ्यानं वाचून घेतली. सकाळपासून तिथपर्यंत तिच्याखेरीज कुणी पोचलंच नव्हतं. तिचा अर्थ असा होता, की ही फाइल ज्यांच्यावर अवलंबून आहे ते मिळत नाहीत. म्हणजे मशीन सकाळपासून खोटं बोलत नव्हतं. फाइल दाराशी हजर होती, पण तिच्या मागची माणसं नव्हती, आणि घराण्याशिवाय आलेल्याला मशीन आत घेत नव्हतं.

"हिला विचारू या, तू कोणाची," एजे म्हणाली आणि जाकिटाच्या आतल्या खिशातून पेन ड्राइव्ह काढला. त्यात एक जुनं साधन होतं. कुठलीही फाइल त्याच्यापुढे ठेवली की ते तिची वंशावळ सांगतं. त्यानं नावं ओळीनं मांडली. लायब्ररीचा बाप हजर. आजा हजर. पणजाच्या नावापुढे लाल खूण. चौथी-पाचवी पिढी विंडोजची स्वतःची, ती जागच्या जागी होती. एकटा पणजा बेपत्ता. तो होता पंधरा वर्षांपूर्वीचा एक सामायिक संच. दुसऱ्या प्रोग्रॅमांना उभं राहायला आधार देणं एवढंच त्याचं काम. स्वतः तो काहीच करत नाही, म्हणून कुणाच्या डोळ्यांवर येत नाही.

"हा विजेनं जात नाही," एजे म्हणाली. "वीज अशी निवडून नेत नाही. याला कुणीतरी हातानं काढलंय."

गुल्सूननं किटली खाली ठेवली. मग हळूच म्हणाली, नौरूझच्या आदल्या दिवशी तिनं चौकी झाडली होती. जुनी वर्तमानपत्रं जाळली, जाजमं झटकली, कोपऱ्याकोपऱ्यांत अर्चाच्या झुडपाच्या सुवासिक फांदीचा धूर फिरवला. आणि जुनी घाण घेऊन नव्या वर्षात जायचं नाही, म्हणून कॉम्प्युटरही झाडला. त्यातल्या प्रोग्रॅमांच्या यादीत एकाच नावाचे सहा संच होते, फक्त वर्षं वेगळी. सहा कशाला, म्हणून तिनं पाच काढून टाकले.

"आणि ठेवला कुठला?"

"सगळ्यांत नवा."

एजे हसायला लागली. "घर धाकट्याला. बरोबर आहे. आपल्याकडे धाकटाच बापाच्या घरात राहतो. पण म्हणून थोरल्या पाचांना कुणी बाहेर काढत नाही, गुल्सून. ते वेगळं घर करून राहतात, आणि आपापली माणसं सांभाळतात. यांचंही तसंच असतं."

गुल्सूनला ते पटेना. त्यानंतर तीन दिवस सगळं सुरळीत चालू होतं, असं ती पुन्हा पुन्हा सांगत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. एजेनं तिला शेजारी बसवून घेतलं. प्रोग्रॅम चालूच होता, तोवर त्यानं पणजाला हाताशी धरून ठेवलं होतं, ती म्हणाली. रात्री वीज गेली, तेव्हा हात सुटला. परत आला तर घर रिकामं. विजेवर आळ आला, कारण ती शेवटची येऊन गेली होती. हे सांगताना तिच्या आवाजात कुठेही टोचणी नव्हती. चूक शोधणं आणि चूक करणाऱ्याला दोष देणं या दोन गोष्टी ती नेहमी वेगळ्या ठेवते.

वर आंतरजाल धडपणे येत नाही. एजेच्या पेन ड्राइव्हमध्ये मात्र ते पाचही संच होते. ते तिनं वर्षानुसार, थोरल्यापासून सुरुवात करून बसवले. एकाची गरज असताना पाचही का, असं मी विचारलं. ती म्हणाली, बाकीच्या चौघांवर कोण अवलंबून आहे ते आज आपल्याला ठाऊक नाही. ज्याला काढलं त्याला परत आणायचं.

सव्वाबाराला प्रोग्रॅम उघडला. तीन खांब, तीन रकाने. माम्बेत बाइके उठून पडद्याजवळ आले. पहिला खांब ठीक होता. तिसरा ठीक होता. मधल्या खांबावर रात्रीतून दीड हात बर्फ चढला होता, आणि तो आकाशातून पडलेला नव्हता. वाऱ्यानं पलीकडच्या उतारावरून उचलून आणून तिसऱ्या वळणाच्या बरोबर वर रचला होता. माम्बेत बाइकेंनी पेन उचलून खिशात घातलं. टोपी डोक्यावर ठेवून ते स्वतःच बाहेर एर्मेकला सांगायला गेले.

खिडकीतून मला दोघं दिसत होते. बाइके बोलत होते. एर्मेक ऐकत होता. एकदा त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. पण माम्बेत बाइकेंचं बोलणं तिथे संपलं नव्हतं, कारण आता त्यांना जागा ठाऊक होती. आकडे नसताना रस्ता नुसता बंद ठेवता येतो. आकडे असले की तोफ डागून धोक्याचा बर्फ आधीच पाडता येतो.

दोन वाजता चौकीच्या लोकांनी मधल्या उतारावर तोफ डागली. पहिल्या गोळ्यानं काही झालं नाही. दुसऱ्या गोळ्यानंतर अख्खा उतार कमरेतून मोडल्यासारखा खचला आणि तिसऱ्या वळणावर येऊन बसला. आवाज आमच्यापर्यंत उशिरा पोचला. गाड्यांजवळची माणसं हातातले पेले घेऊनच उताराकडे वळली. नंतर बर्फ लोटणारं यंत्र गेलं, त्याच्या चालकानं परत येऊन सांगितलं की तिथला ढीग बसच्या टपाच्याही वर होता.

साडेपाचला उतार पुन्हा मोजला, कागद छापला आणि माम्बेत बाइकेंनी सही केली. निळी गाडी सगळ्यांत आधी सुटली. जाण्याआधी एर्मेक आत आला होता. एजे तेव्हा टेबलाखाली वाकून मशीनची वीज मुद्दाम काढत होती. पुन्हा चालू केल्यावर प्रोग्रॅम आपणहून उठतो का, हे तिला बघायचं होतं. एर्मेक तिच्या पाठीमागे उभा राहिला.

"एजे," तो म्हणाला, "सकाळी मी बोललो ते..."

"ते सकाळचं," ती टेबलाखालूनच म्हणाली. "उजेड आहे तोवर नीघ. तिसऱ्या वळणावर हळू."

दुसऱ्या दिवशी दुपारी एजेचा फोन वाजला तेव्हा आम्ही तिच्या अंगणात जाजम वाळत घालत होतो. तिनं दोन-तीनदा हं म्हटलं आणि फोन खिशात टाकला. एर्मेक रात्रीच पोचला होता, असं तिनं सांगितलं. आईच्या कबरीवर पहिली मूठभर माती त्यानंच घातली.

एजेनं जाजमाची कड पुन्हा हातात घेतली. मग म्हणाली, चल, दुसरं टोक धर.