प्रेमिलाबाईच्या भिंतीवरचे वाघ

नागपूरच्या नंदनवन वस्तीत प्रेमिलाबाईचं घर कुणाला विचारावं लागत नाही. गल्लीच्या तोंडाशी उभं राहायचं आणि जिथून मोठा आवाज येईल त्या दारात शिरायचं. नळाला पाणी आलं नाही तर महापालिकेच्या झोन ऑफिसात पहिली बोंब तिची, आणि पाणी आलं की नळाखाली पाणी भरायचा पहिला गुंडही तिचाच. पारशिवनीकडच्या खेड्यातून लग्न होऊन आली तेव्हा तिनं शिलाई मशीनला हातही लावलेला नव्हता. आज अर्ध्या वस्तीच्या पाठीवरचे ब्लाउज तिच्या हातचे आहेत. नवरा धर्मेंद्र कळमन्याच्या बाजारात मापारी. दिवसभर जगाचं वजन करतो आणि घरी येताना स्वतःचं वजन दाराबाहेर ठेवून येतो, असं वस्तीत म्हणतात.

अशी बाई कोणाला भीत नाही. पण जळते, आणि तीही एकाच बाईवर. आपल्या विहिणीवर, अरुंधतीबाईवर.

लग्न पोरांनीच जमवलेलं. प्रेमिलाची एकुलती एक लेक अपेक्षा आणि महाल भागातल्या जुन्या घराण्याचा आर्यन. आता ती मंडळी मनीषनगरात फ्लॅटमध्ये राहतात. अरुंधतीबाई बँकेतून निवृत्त झालेल्या, बोलणं साखरेत घोळलेलं, आवाज कधी चढत नाही. भांडायला गेलं तर हाताला काही लागत नाही अशी बाई. आणि अपेक्षा त्यांना 'मम्मी' म्हणते! आपल्याला 'आई' आणि त्यांना 'मम्मी'. हा शब्द प्रेमिलाच्या काळजात तुटलेल्या सुईच्या टोकासारखा अडकून बसला होता.

अपेक्षाला सातवा लागला तेव्हा प्रेमिला लेकीला भेटायला फ्लॅटवर गेली. अरुंधतीबाईंनी पाणी दिलं, सरबत दिलं आणि मग हळूच एका खोलीचं दार उघडलं.

"बाळाची खोली. बघा तरी!"

एक अख्खी भिंत वॉलपेपरनं मढवलेली. निळं आभाळ, पांढरे ढग आणि ढगांवर झोपलेले राखाडी हत्ती. खाली पांढरा पाळणा. प्रेमिलाच्या डोळ्यांत ते हत्ती मावेनात.

"इतक्या आंधी?" ती म्हणाली. "आमच्याकडे पोर जन्माले येयाच्या आंधी पाळण्याची दोरीबी नाई आणत कोणी."

"अहो, आता कोण मानतं असलं? आणि खरं सांगू का विहीणबाई, बाळंतपण इथंच होऊ द्या, आतापासून माहेरी नको. मेअखेरचा नवतपा तोंडावर आलाय, नऊ दिवस नुसती आग. इथं एसी आहे, हॉस्पिटल समोर आहे. तुमच्याकडे पोरीला त्रास होईल."

त्रास होईल! पहिलं बाळंतपण माहेरी होतं, हे काय प्रेमिलानं ठरवलेलं होतं? तिचं पारशिवनीकडे झालं, तिच्या आईचंही माहेरीच झालं. आणि ही बाई एका थंड खोलीच्या जोरावर तिच्या हातातलं पहिलं लेकरू काढून घ्यायला निघाली होती.

अपेक्षानं दोघींच्या तोंडाकडे पाहिलं. "आई, मी येतो न. आठ दिवस राहून पाहतो. जमलं तर तिथंच राहीन."

राहून पाहतो म्हणे. जसं काही किरायानं खोली घ्यायची आहे.

दुसऱ्या दिवशी प्रेमिला धर्मेंद्रला घेऊन बर्डीच्या बाजारातल्या वॉलपेपरच्या दुकानात उभी. दुकानदारानं जाडजूड अल्बम पुढ्यात टाकले. चांदण्या झाल्या, पोपट झाले, फुगे झाले. मग हत्ती निघाले.

"हत्ती नाई पाहिजे. हत्ती त्याईच्या घरी आहे."

पान उलटलं आणि तिचा हात थांबला. दाट बांबू, त्यात वाघ, वाघिणीच्या पायात खेळणारे बछडे.

"हे द्या."

"आंटी, बच्चे के कमरे के लिए? शेर?"

"मंग? पेंचच्या जंगलाकाठची आहो मी. आमच्या बांधावर वाघ येऊन बसे. आमचं लेकरू काय ढगात झोपते?"

दुकानदार हसला. पण धंद्यातला माणूस, विचारायचं ते विचारलंच. "कमरे में कूलर तो नहीं ना? ये कागज कूलर की हवा में नहीं टिकता. कूलर हो तो प्लास्टिकवाला लो, लेकिन उसमें ये डिझाइन नहीं है."

प्रेमिलाची जीभ तिच्या आधी धावली. "एसी है हमारे यहाँ."

धर्मेंद्र खाली वाकून चपलेचा पट्टा पाहू लागला. पट्टा चांगला होता. रस्त्यावर आल्यावर तो म्हणाला, "अवं, आपल्या घरी एसी आला अन् मलेच नाई सांगितलं?"

"तुमी चूप बसा जी."

लावायला कारागीर नको म्हणून तिनं दुकानातच सांगितलं होतं. कारागीर आला असता तर खिडकीत बसलेला कूलर त्याला दिसला असता ना! म्हणून नवरा स्टुलावर, बायको खाली, आणि मैद्याची खळ पातेल्यात. आयुष्यभर कापड बेतलेली बाई ती. कागदही तिनं कापडासारखाच बेतला, शिलाईला सोडतात तसा दोन्हीकडे दोन बोटं जादा सोडून. पट्ट्यावर पट्टा चढला आणि चित्राचा मेळच गेला.

"वाघाले पाच पाय झाले वं," धर्मेंद्र स्टुलावरून म्हणाला.

"मांगं दुसरा वाघ आहे त्याचा पाय आहे तो."

"मंग त्या दुसऱ्याचं तोंड कुठी आहे?"

"बांबूत. तुमी दाबा न कोपरा!"

नवतपा लागला आणि अपेक्षा आली. भिंत पाहून हसली, पाच पायांच्या वाघापुढं उभं राहून फोटो काढला आणि लगेच मम्मीला पाठवला. मम्मीचं उत्तर आलं: 'वा! रविवारी प्रत्यक्ष बघायला येते.'

प्रेमिलाला दोन हात उंच झाल्यासारखं वाटलं. संध्याकाळी मात्र कूलरसमोरच्या भिंतीचा एक कोपरा कागदी कानासारखा वळलेला दिसला. तिनं खळ लावली, तळहातानं दाबला. सकाळी दोन कोपरे वळले होते. तिनं कूलरचं बटण बंद केलं आणि लेकीला सांगितलं, "मोटर जळली वाटते. तुह्ये बाबा दुरुस्त करून आणतीन."

फक्त रविवारपर्यंत. एकदा विहिणीनं भिंत पाहिली की मग कूलर काय, खिडकीही उघडी टाकू.

नागपूरचा नवतपा म्हणजे काय ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. पंख्यातून वाफ खाली येत होती. प्रेमिला ओल्या फडक्यानं लेकीचे पाय पुसत होती, पन्हं पाजत होती, हातपंख्यानं वारा घालत होती. सगळं करत होती, फक्त बटण दाबत नव्हती. अपेक्षाचे ओठ सुकले, पाय सुजले. रविवारी सकाळी ती भिंतीला टेकून म्हणाली, "आई, आज मी मम्मीसोबत परत जातो. नाई सहन होत."

प्रेमिलाच्या हातातला पंखा थांबला.

तेवढ्यात अरुंधतीबाई आल्याच. दारातच उभ्या राहिल्या. "अय्या, काय सुंदर दिसतंय हो! आमचे हत्ती अगदीच मिळमिळीत वाटतील यापुढं."

याच एका वाक्यासाठी प्रेमिलानं आठवडा काढला होता. ते आलं, पण गोड लागलं नाही. कारण पुढच्याच क्षणी अरुंधतीबाईंनी सुनेच्या कपाळाला हात लावला होता. "अगं, केवढी तापलीस! चल, पिशवी भर. गाडी बाहेरच आहे."

कपाळावर त्या बाईचा हात. प्रेमिलाला तो बघवेना. पण पोरीचं तोंडही बघवेना. ती उठली, कूलरच्या टाकीत बादलीभर पाणी ओतलं, मग दुसरी बादली, आणि बटण दाबलं. कूलर घरघरला. ओल्या वाळ्याचा वास खोलीभर पसरला.

"मोटर तं जळली होती न?" अपेक्षा म्हणाली.

"मोटरले काई झालं नाई. मीच बंद केली."

"काहून?"

प्रेमिलानं हनुवटीनं भिंत दाखवली. वाऱ्यानं आधीच सुटलेल्या कोपऱ्यात तोंड घातलं होतं. चहा उकळेपर्यंत पहिला पट्टा सुटला. वाघ पुढं झुकला, कमरेत वाकला आणि नमस्कार घातल्यासारखा जमिनीवर आला. त्याच्यामागं दुसरा पट्टा. बांबूचं अर्धं वन अरुंधतीबाईंच्या खांद्यावर पडलं.

अपेक्षा पोट धरून हसू लागली. "आई, वेडी आहे का वं तू? कागदापायी मले उकडलं?"

अरुंधतीबाईंनी खांद्यावरचा कागद बाजूला केला. "बरं, हसून झालं असेल तर निघू या?"

"मम्मी, मी राहतो इथंच." अपेक्षानं पाय पसरून वाऱ्यात धरले होते. "तिकडं एसीत माझं नाक चोंदतं, झोप लागत नाही. लहानपणापासून या कूलरच्या घरघरीतच झोपले मी. त्याच्यासाठीच तर आले होते."

अरुंधतीबाई हसल्या. पण हसू ओठांवर आलं आणि डोळे तसेच राहिले. त्या खाली बसल्या, मोकळ्या झालेल्या भिंतीकडे पाहिलं, मग कूलरकडे. तो चेहरा प्रेमिलाला चांगला ओळखीचा होता. रोज आरशात पाहायची ती.

तिला बरं वाटलं. फार बरं वाटलं. खोटं कशाला सांगायचं?

"बसा न, तुमीबी वाऱ्यात सरका," ती विहिणीला म्हणाली.

अरुंधतीबाई खरंच सरकल्या, थेट अपेक्षाच्या खांद्याजवळ. पोरीनं डोळे मिटून मान त्यांच्याकडे कलती केली. प्रेमिला हातात चहाचे कप घेऊन क्षणभर उभी राहिली. मग कप खाली ठेवले, पदर खोचला आणि दोघींच्या मधल्या चार बोटांच्या जागेत जाऊन बसली.