चौघींची एकच जन्मतारीख

"तुमचा डेटाच चुकीचा आहे मॅडम," मुंबईहून आलेला इंजिनिअर मला म्हणाला. साळवी बाई समोरच बसल्या होत्या. शिक्षकांच्या ज्येष्ठता यादीत कायम पहिल्या असणाऱ्या बाई एकदम चौथ्या झाल्या होत्या. आंजर्ल्याच्या शाळेचं मुख्याध्यापकपद त्या यादीवरून ठरणार होतं, आणि बाईंच्या नोकरीची दोनच वर्षं उरली होती.

हे ऐंशीच्या दशकाच्या शेवटचं. रत्नागिरीतल्या एका शिक्षण संस्थेत मी प्रोग्रॅमर होते. आमचे प्रोग्रॅम कोबोल या संगणकाच्या भाषेत. त्यांचं भाषांतर थेट मशीनच्या भाषेत होत नसे; मधल्याच एका कोडमध्ये होई. ते कोड वाचून मशीनकडून काम करून घेणारा तो रनटाइम. नव्या पीसीबरोबर दुसऱ्याच कंपनीचा रनटाइम आला. जुनं कोड त्यावर जसंच्या तसं चालेल, एक अक्षर बदलायला नको, असं हा इंजिनिअर छातीठोकपणे सांगून गेला होता. सेक्रेटरींना तेवढंच हवं होतं. त्यांना पीसीला हार घालून फोटो काढायची घाई! महिनाभर दोन्ही मशीनं चालवून बघू, असं मी म्हटलं. माझं ऐकतो कोण? जुनं मशीन उचलून नेलंसुद्धा.

यादी लागली आणि बाई सावर्ड्याहून एसटीने तडक आल्या. "अगो, आम्ही चौघी एकाच दिवशी लागलो. निवडीत पहिला नंबर माझा. मग मी खाली कशी?"

मी पाहिलं. यादी लागायची रुजू तारखेवरून, मग जन्मतारखेवरून. चौघींची रुजू तारीख एकच, जन्मतारीखही तीच: एक जून, सालसुद्धा एकच. त्यावर इंजिनिअर साहेबांचं ते ज्ञान. चार बायका एकाच दिवशी जन्मतील कशा म्हणे! अरे बाबा, शाळेत नाव घालताना मास्तर टाकतील ती आपली जन्मतारीख, एवढंही याला ठाऊक नाही.

नोंदींचा क्रम लावणं हे रनटाइमचं काम. दोन नोंदींच्या दोन्ही तारखा सारख्या निघाल्या तर जुना रनटाइम त्या भरलेल्या क्रमाने ठेवी, आणि आम्ही भरल्या होत्या निवडीच्या क्रमाने. नवा वाटेल तशा ठेवी. कोबोलच्या नियमांत दोन्ही बसतं. पण निवडीचा क्रमांक प्रोग्रॅममध्ये मी तरी कुठे लिहिला होता? माझीच मला लाज वाटली.

जुनी रजिस्टरं काढली. दोन दिवसांत सगळ्यांचे निवड क्रमांक फाइलमध्ये घातले, क्रम लावताना तेही बघायची अट लिहिली. बाई पहिल्या आल्या. तर सेक्रेटरी म्हणाले, लागलेली यादी बदलली तर संस्थेची अब्रू जाईल.

"मग बाईंना कारण तुम्हीच समजावून सांगा," मी म्हटलं.

यादी बदलली. बाई आंजर्ल्याला मुख्याध्यापिका झाल्या.

ग्राहकाने चुकीचा डेटा दुरुस्त केल्यावर सिस्टीम उत्तम चालली, असं इंजिनिअरने रिपोर्टात ठोकून दिलं. मी सही केली नाही. प्रोग्रॅम दुसरीकडे नेला की लिहिलेलं सगळं बरोबर येतं. न लिहिलेलं मागे राहतं. आणि ते निस्तरावं लागतं भलत्याच माणसाला.