बद्रीनाथ ढोलेची बढती

लग्नकार्यात कुणी "आपण काय करता?" असं विचारलं, की बद्रीनाथ ढोले पाण्याचा ग्लास शोधायला लागायचा. 'कंप्युटरमध्ये आहे' म्हणावं, तर समोरचा खुर्ची जवळ ओढून आपल्या प्रिंटरचं दुखणं सांगायला लागायचा. 'सॉफ्टवेअर लिहितो' म्हणावं, तर खिशातून मोबाइल निघायचा. "मग हे बघा बरं, माझे फोटो का जात नाहीत ते." एकदा हडपसरच्या एका साखरपुड्यात कुणा गृहस्थाचं बँकेचं अॅप चालेना, तेव्हा त्याने जिलबीच्या ताटावरून बद्रीनाथकडे असं रोखून पाहिलं, की आपणच ते बंद पाडून जेवायला बसलोय असं बद्रीनाथला वाटलं.

बद्रीनाथ बॅकएंडचं काम करत होता. म्हणजे मोबाइलच्या पडद्यावर जे रंगीत, गोंडस दिसतं, त्यातलं काहीही त्याचं नव्हतं. आपण बटण दाबल्यावर पडद्यामागे जी पळापळ होते, याची नोंद कर, त्याला विचार, आहे का शिल्लक बघ, ती सगळी त्याच्यासारख्यांनी लिहिलेली. ते नीट चाललं तर कुणाला कळत नाही आणि बिघडलं तर कंपनीचा साहेबलोकांचा अख्खा सातवा मजला गोळा होतो. त्याची पुसदची आई शेजारणींना सांगायची, "बद्री पुण्याले मोठ्या कंपनीत हाये. पण मांगच्या बाजूले बसवते त्याले. बुजरा हाये ना लहानपणापासून."

बुजरा तर तो होताच. नव्व्याण्णव साली पुसदहून लोणी काळभोरच्या इंजिनियरिंग कॉलेजात आला, तेव्हा रावसाहेब काळभोरांच्या घरामागच्या खोलीत भाड्याने राहिला. रावसाहेब म्हणजे ऊसवाले, दोन वेळचे माजी सरपंच, आवाज असा की सोलापूर रोडवरचा ट्रकवाला वळून बघेल. त्यांची मुलगी कौशल्या गणितात बी.एस्सी. करत होती. चार वर्षांत बद्रीनाथ तिच्याशी मोजून पंधरावीस वाक्यं बोलला असेल, पण ती सगळी कौशल्याच्या लक्षात राहिली. नोकरी लागून बूड स्थिर झाल्यावर तो मागणी घालायला आला, तेव्हा रावसाहेबांनी त्याला पडवीत बसवलं.

"खोली दिली म्हंजी पोरगी दिली आसं नसतंय," ते म्हणाले. "तुमी नक्की करता काय ते दावा मला."

बद्रीनाथने लॅपटॉप उघडून बसची तिकिटं काढायची वेबसाइट दाखवली. त्या वर्षी त्याच्या कंपनीने केलेलं ते सर्वात मोठं काम होतं.

"झकास हाय की! ह्यो निळा रंग तुमी दिला?"

"नाही. तो दुसऱ्यांनी."

"बसचं चित्र?"

"तेही दुसऱ्यांनी."

"मंग तुमचं काय हाय ह्यात?"

बद्रीनाथने बसचं चित्र बाजूला सारून सीटांचा तक्ता उघडला. मग म्हणाला, "एकच सीट दोघांनी एकदम मागितली, तर ती एकालाच मिळते. ते मी केलंय."

रावसाहेबांनी मांडी सोडून लॅपटॉप जवळ ओढला. सरपंचकीच्या दहा वर्षांत एकाच गोष्टीवर दोघांनी हक्क सांगितल्याने काय काय होतं, ते त्यांनी बघितलं होतं. "म्हंजी भांडान लागू देत नाय तुमी," ते म्हणाले आणि आतल्या बाजूला तोंड करून ओरडले, "च्या टाका गं!" लग्न ठरलं.

पुढची दहाएक वर्षं सुखाची गेली. नवराबायको हडपसरजवळच्या मांजरीत फ्लॅट घेऊन राहिली. कौशल्या शाळेत गणित शिकवायला लागली. बद्रीनाथ खराडीच्या कंपनीत खिडकीजवळच्या कोपऱ्यात कानाला हेडफोन लावून काम करायचा. त्या हेडफोनमध्ये गाणं कधीच नसायचं. लोकांनी बोलायला येऊ नये म्हणून ते कानावर असायचे, इतकंच.

आणि मग त्याला बढती मिळाली.

एचआरच्या शेफाली मॅडमनी बोलावून सांगितलं, "बद्रीनाथ, यू आर अ मॅनेजर नाऊ! इतक्या अनुभवाचा माणूस अजून कोड लिहितोय, ते बरं नाही दिसत." जणू चाळिशीचा माणूस अजून विटीदांडू खेळतोय. बद्रीनाथ म्हणाला, विचार करून सांगतो. विचार करायला घरी आला. जेवताना त्याने कौशल्याला सांगितलं, कौशल्याने सहज आईला फोनवर सांगितलं, आणि तिथे त्याचा विचार संपला. कारण दोनच दिवसांनी लोणीच्या चौकात फ्लेक्स लागला.

फ्लेक्सवर बद्रीनाथ होता. फोटो लग्नातला, फेटा बांधलेला, पण डोळ्यांवर फ्लेक्सवाल्याने आपल्या पदरचा काळा गॉगल चढवलेला. वर लिहिलं होतं, 'आयटी क्षेत्रातील ढाण्या वाघ, शांत, संयमी नेतृत्व, मा. बद्रीनाथजी ढोले (साहेब) यांची मॅनेजरपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' खाली शुभेच्छुकांच्या फोटोंच्या तीन रांगा. त्यातले निम्मे बद्रीनाथने जन्मात पाहिले नव्हते. एक तर दोन वर्षांचं मूल होतं. त्याच्याही डोळ्यांवर गॉगल होता.

"आता नाही कसं म्हणू?" बद्रीनाथ चौकात उभा राहून म्हणाला.

"म्हणा की," कौशल्या म्हणाली. "वाघ आहात तुम्ही."

तो मॅनेजर झाला. हेडफोन गेले. सकाळी मीटिंग, दुपारी मीटिंग, आणि संध्याकाळी उद्याच्या मीटिंगा ठरवायची मीटिंग. पण त्याचा खरा घोटाळा माणसांपाशी होत होता. प्रोग्रॅम बंद पडला, तर का पडलास म्हणून विचारता येतं आणि तो सांगतो, अमुक ओळीत अडलोय. माणसाला विचारलं, तर तो म्हणतो, "नाही सर, ऑल गुड." त्याच्या टीममधली सोनू रोज 'ऑल गुड' म्हणत होती आणि एका सोमवारी तिने राजीनामाच आणून ठेवला. तिला धायरीहून खराडीला रोज दोन-दोन बस बदलत यावं लागत होतं. ती थकून गेली होती.

"अगं, मग आधी का नाही सांगितलंस?"

"सर, तुम्ही विचारलं कुठे?"

"रोज विचारतो! एव्हरीथिंग ओके, म्हणून?"

"सर, वो तो सब ऐसेही पूछते हैं ना," सोनू म्हणाली. तिचं म्हणणं खरं होतं. बद्रीनाथने तिला निम्मे दिवस घरून काम करायला सांगितलं, तिने राजीनामा परत घेतला, आणि बद्रीनाथला दोन रात्री झोप लागली नाही. अजून किती जण ऑल गुड असतील, या धास्तीने.

वर्ष होत आलं, तेव्हा कंपनीला काटकसरीची उबळ आली. बद्रीनाथचे साहेब होते श्रीनिवास दांडेकर, तिसऱ्या पिढीचे सदाशिव पेठी. त्यांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं.

"ढोले, प्रत्येक टीममधून एक नाव द्यायचंय. ज्याच्यावाचून काही अडणार नाही असं. शुक्रवारपर्यंत. चहा घेणार? घेतला असेलच."

बद्रीनाथ कोरा कागद घेऊन बसला. ज्यांच्या डब्यातलं खाल्लं त्यांच्यातलं एक नाव कसं लिहायचं? पण हुकूम तो हुकूम, आणि करायचंच तर तपासून करायचं, हा त्याचा स्वभाव. त्याच्या धंद्यात याला एक जुनी रीत होती. एखादा जुना प्रोग्रॅम कुणी वापरतंय की नुसता जागा अडवून बसलाय, हे कळत नसेल, तर तो गुपचूप बंद करायचा आणि कोण बोंब मारतंय ते ऐकायचं. बोंब आली तर माफी मागून लगेच चालू करायचा. नाहीच आली, तर काढून टाकायचा.

त्याने शुक्रवारची मुदत वाढवून घेतली आणि टीममधल्या एकेकाला आळीपाळीने एक दिवस सक्तीची सुट्टी दिली. सोनू नव्हती, त्या दिवशी ग्राहकांच्या तक्रारी दुपारपर्यंत तुंबल्या. विश्वजीत पाटील नावाचा एक पोरगा दिवसभर क्रिकेटचा स्कोअर बघतो, अशी बद्रीनाथला शंका होती. तो नव्हता, त्या दिवशी साडेअकरालाच बिलं निघायची थांबली आणि सिंगापूरहून फोन आला. स्कोअर बघता बघता हा पोरगा सगळ्या बिलांवर नजर ठेवून असायचा. अशी प्रत्येकाच्या नावाने बोंब झाली.

मग रीतीप्रमाणे बद्रीनाथ स्वतः घरी राहिला.

पहिल्या दिवशी फोन वाजला नाही. त्याने रेंज आहे का बघितलं. दुसऱ्या दिवशीही वाजला नाही. तिसऱ्या दिवशी तो गॅलरीत बसून मटार सोलत होता, तेव्हा कौशल्या शाळेतून आली आणि चप्पल काढता काढता म्हणाली, "अहो, खरं सांगा. काढलंय का तुम्हाला?"

"अजून नाही," बद्रीनाथ म्हणाला. "पण काढायला हरकत नाही असं दिसतंय."

ऑफिसात परत गेल्यावर त्याने चौकशी केली. तीन दिवसांत एकही मीटिंग झाली नव्हती आणि महिनाभर रेंगाळलेली दोन कामं पूर्ण झाली होती. बद्रीनाथने शांतपणे अहवाल लिहिला, सगळे निष्कर्ष जोडले, खाली एकच नाव टाकलं आणि पाठवून दिला.

दहा मिनिटांत दांडेकरांचं बोलावणं आलं.

"हे काय आहे?"

"नाव, सर."

"हे तुमचं आहे."

"हो."

दांडेकरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अहो ढोले, नाव मागितलं होतं. आहुती नव्हे."

"पण सर, तपासून लिहिलंय. पुरावा आहे."

"तीच तर पंचाईत आहे! हा पुरावा असाच वर गेला आणि कुणी ही तपासणी वरच्या मजल्यावर सुरू केली, तर मला माझंही नाव पाठवावं लागेल." त्यांनी उठून केबिनचं दार लावून घेतलं. "मी मागच्या महिन्यात आठ दिवस अंदमानला होतो. मलाही कुणी फोन केला नाही." मग आवाज सावरून त्यांनी विचारलं, "तुम्हाला पाहिजे काय नक्की?"

"माझी जुनी खुर्ची. खिडकीजवळची."

शेफाली मॅडमना बोलावण्यात आलं. त्यांनी कंप्युटरवर बरंच शोधून सांगितलं, की कंपनीच्या सिस्टिममध्ये माणसाला वर चढवायची सोय आहे, बाहेर काढायची आहे, पण खाली उतरवायची नाही. असं आजवर कुणी मागितलेलंच नाही. शेवटी दांडेकरांनीच तोड काढली. मॅनेजरची जागा रद्द करायची, म्हणजे एक आकडा कमी झाल्याचं वर दाखवता येईल. आणि बद्रीनाथला 'आर्किटेक्ट' म्हणायचं. नाव मॅनेजरपेक्षा उंच वाटतं आणि काम दिवसभर कोड लिहायचं.

बद्रीनाथ कितीतरी दिवसांनी शीळ घालत घरी आला. लिफ्टमध्ये त्याच्या लक्षात आलं, की अजून सासरेबुवांना सांगायचंय.

रविवारी दोघं लोणीला गेली. चौकातल्या फ्लेक्सवरचा वाघ उन्हाने फिकट झाला होता, पण गॉगल शाबूत होता. पडवीत रावसाहेबांपुढे बसून बद्रीनाथने सगळं सरळ सांगून टाकलं.

"खुर्ची सोडली?" रावसाहेबांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "आपन होऊन? पावनं, आवो हिकडं एका खुर्चीपायी भाऊ भावाचं तोंड बघत नाय. मी पडलो तवा वरीसभर चौकात गेलो नव्हतो."

"मामा, मला त्या खुर्चीत बसवत नव्हतं."

रावसाहेबांनी हातातला अडकित्ता खाली ठेवला. मग त्यांनी जावयाकडे नीट बघितलं. "खरं सांगू का," ते हळूच म्हणाले, "मला बी कदी बसवलं न्हाय. दोन्ही टायमाला. समदी येऊन भांडायची. पन बोलायचं कुनाजवळ?" आणि लगेच आत कुणी ऐकलं तर नाही ना, हे बघून त्यांनी विषय बदलला. "त्ये ऱ्हाऊ द्या. आता गावात काय सांगायचं? आसं करू. सांगू, जावई वर गेले."

"दादा!" कौशल्या आतून ओरडली. "वर गेले म्हणालात तर माणसं भेटायला येतील. पांढरे कपडे घालून."

शेवटी 'आर्किटेक्ट झाले' असंच सांगायचं ठरलं. त्यात खोटं काही नव्हतं. पण लोणीच्या आसपास त्या सुमारास जो तो शेताच्या कडेला बंगला बांधत होता, ही गोष्ट कुणाच्याच ध्यानात आली नाही. पंधरा दिवसांत रावसाहेबांच्या पडवीत नकाशांची भेंडोळी जमली. कुणाला जिना बाहेरून पाहिजे होता, कुणाला देवघर मोठं. रावसाहेबांनी प्रत्येकाला "जावयाला इचारतो" असं सांगून ठेवलं, कारण नाही म्हणायची सवय त्यांना सरपंच असतानाही नव्हती.

बद्रीनाथ आपल्या कोपऱ्यात मजेत होता. कानाला हेडफोन, समोर काळा पडदा. एका दुपारी तो बिलांच्या प्रोग्रॅममधली एक जुनी, हट्टी चूक पकडायच्या अगदी बेतात आला होता. विश्वजीत शेजारी श्वास रोखून उभा होता. तेवढ्यात फोन वाजला.

"पावनं, संभाजी नाना समोर बसल्यात. सेप्टिक टँक कुटं घ्यावी म्हनत्यात?"

"मामा, मी घरांचा आर्किटेक्ट नाही हो!"

"ठाव हाय मला," रावसाहेब कुजबुजले. "पन मानूस आशेनं आलाय. कायतरी सांगा."

बद्रीनाथने डोळे मिटले. पुसदची आई घर बांधताना गवंड्याशी कशावरून भांडली होती, ते त्याने आठवून पाहिलं. "ईशान्येला नको म्हणावं," तो म्हणाला आणि फोन ठेवून पुन्हा पडद्याकडे वळला. ती चूक चहाच्या आधी सापडली. सातव्या मजल्यावर कुणाला कळलंही नाही. विश्वजीतने तेवढी टाळी दिली.

संभाजी नानांनी टाकी नैर्ऋत्येला घेतली. ती अजून एकदाही तुंबलेली नाही, असं लोणीत सांगतात.