स्टेशनाबाहेरचा माझा फोटो

दोन वर्षांनी हिंगोलीच्या स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं आणि पहिलं दर्शन झालं ते माझंच. रिक्षा उभ्या राहतात तिथल्या भिंतीवर भलामोठा फ्लेक्स होता: 'जर्मनीत इंजिनिअरिंग! आमची यशस्वी विद्यार्थिनी.' फोटो माझा, हसणं माझं, पण हे 'आमची' म्हणणारे कोण, ते कळेना. माझा प्रवेशअर्ज मी आमच्या गावी, साखऱ्यात, रेंज मिळावी म्हणून गच्चीवर चढून, स्वतः भरला होता. फ्लेक्सवर नाव छापलेल्या मार्गदर्शन केंद्राच्या सरांचं तोंडही मी कधी पाहिलं नव्हतं.

"कसा आलाय फोटू?" न्यायला आलेल्या बाबांनी कौतुकानं विचारलं.

"तुमी दिला?"

"सर घरी आले व्हते. शाल देऊन गेले."

एका शालीत माझी सगळी मेहनत सरांच्या नावावर गेली होती.

मोटारसायकलवरून भट्टीसारखा वारा खात निघालो. पुसेगावला किसनमामांकडे थांबलो. मामा बाबांचे जुने स्नेही, मेंढरं राखतात. त्यांची पल्लवी यंदा बारावी झाली. ताटात भाकरी, ठेचा आणि वांग्याचं कोरड्यास (कालवण) होतं. जर्मनीत थंड पाव चावून जिभेला आलेली अवकळा पहिल्याच घासाला गेली. दुसरा घास मात्र हातातच राहिला, कारण पल्लवीनं मोबाइल पुढे धरला होता.

"ताई, हे माझं कॉलेज. जर्मनीत, तुमच्याच गावात हाय. सरांनी नंबर लावून दिला."

फोटोतली इमारत आमच्या विद्यापीठाचं ग्रंथालय होतं. तिच्या पायऱ्यांवर बसून मी रोज डबा खाते. खाली नाव मात्र भलतंच. त्या नावाचं 'कॉलेज'ही मला माहीत होतं. मी तांदूळ घेते त्या दुकानाच्या माडीवर दोन खोल्या, आणि तिथे चालतात ते फक्त भाषेचे वर्ग. तिथल्या जिन्यातला दिवासुद्धा धड लागत नाही, इंजिनिअरिंग तर दूरच.

मी सगळं सांगितलं. मामा अंगणापलीकडच्या कुंपणाकडे बघत राहिले. व्यापाऱ्यानं मेंढरांच्या पाठीवर लाल रंगाच्या खुणा करून ठेवल्या होत्या. परवा सकाळी अख्खा कळप तो नेणार होता, आणि आलेला पैसा सरांकडे जाणार होता.

"सरांनी तुझाच फोटू दावला," मामा म्हणाले. "तू गेली म्हणून आमी हिंमत केली. आता काहून (का) असं बोलून राहिली?"

पल्लवीनं मोबाइल उलटा ठेवला. ती रडेल असं वाटलं, पण रडली नाही.

"उद्या औंढ्याला सर तुझा सत्कार करून राहिले ना? तिथं त्यांच्या तोंडावर म्हन," मामा म्हणाले.

सत्काराचं मला हे पहिल्यांदाच कळत होतं. मी बाबांकडे पाहिलं. ते भाकरीकडे पाहत होते.

औंढ्याला नागनाथाच्या देवळाबाहेर भाविकांची रांग आणि पेढ्यांची दुकानं ओलांडून आम्ही मंगल कार्यालयात शिरलो. व्यासपीठावर इतके मान्यवर, की खाली बसायला कोणी उरलं कसं याचंच नवल वाटावं. भर उन्हाळ्यात माझ्या अंगावर लोकरीची शाल पडली. प्रत्येक मान्यवर 'दोन शब्द' बोलायला उठला आणि दोन शब्दांत एकही बसला नाही. एकानं तर जर्मनी अमेरिकेत नेऊन टाकली.

मग माईक माझ्याकडे आला. ती इमारत कुणाची, ती माडी कुठे, तिथे काय शिकवतात, सगळं बोलले.

मागून एक बाई म्हणाली, "सोता गेली, आता दुसऱ्याचं लेकरू जाऊ देईना."

सरांनी हसत माझ्या हातून माईक घेतला. "ऐकलंत पालकहो? बाहेर किती फसवणूक चालते! म्हणूनच सांगतो, आमच्याकडेच या."

टाळ्यांचा कडकडाट झाला. सर निर्लज्ज होतेच, पण मला जास्त चीड आली ती त्या टाळ्यांची. विकत घ्यायची गाय चारदा पारखणारी माणसं, पोटच्या पोरीसाठी एक प्रश्न विचारायला तयार नव्हती.

किसनमामांनी टाळी वाजवली नाही. गर्दीतून वाट काढत ते माझ्यापाशी आले.

"त्या पायऱ्यांवर तू बराबर रोज बसती?"

"रोज, मामा."

ते तडक बस गाठायला गेले. व्यापारी सकाळी येणार होता. बाबांनी माझ्या खांद्यावरची शाल काढली आणि खुर्चीवर ठेवून दिली.

सुट्टी संपली. स्टेशनाबाहेर फ्लेक्स बदलला होता. आता औंढ्यातला फोटो: हातात माईक, डोळे वटारलेले, तोंड उघडं. खाली लिहिलेलं, 'आमच्या कार्यक्रमात मार्गदर्शन करताना.' मी मनसोक्त शिव्या घातल्या, अस्सल मराठीत. त्या कामाला जर्मन भाषा फार तोकडी पडते.

निरोपाला मामा आणि पल्लवी आले होते. पल्लवीचे हात मनगटापर्यंत लाल दिसत होते.

"मेंढरांच्या खुना घासून राहिले, ताई. लई पक्का रंग हाय, निघता निघंना." मग ती म्हणाली, "पुढच्या साली मीच फारम भरते. तुमच्यावानी, गच्चीवर चढून. पर तोवर एक काम करा. त्या पायऱ्यांवर बसलेला तुमचा फोटू धाडा. आमच्या आईला अजून सरांचंच खरं वाटून राहिलंय."

हिंगोलीत माझे दोन फोटो लागले, दोन्ही खोटं बोलले. परत पोचल्यावर पहिलं काम तिसऱ्या फोटोचं केलं. ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर बसले, डबा उघडला आणि एका मुलाला फोटो काढायला सांगितलं. तो हस म्हणाला. मी हसले नाही.