न काढलेला ओरखडा

आमच्या प्रयोगशाळेत मेधाताई पेशींना जखम करतात. पारदर्शक बशीच्या तळाशी त्वचेच्या पेशी एकमेकींना चिकटून पसरल्या, की ताई प्लास्टिकच्या बारीक टोकाने मधोमध एक सरळ ओरखडा काढतात. काढण्याआधी दर वेळी हलक्या आवाजात म्हणतात, "सॉरी हं."

मग कॅमेरा थोड्या थोड्या वेळाने फोटो घेत राहतो. काठावरच्या पेशी ओरखड्याकडे सरकू लागतात. मागच्या पेशींना जखम दिसतही नसेल, तरी एकमेकींचा हात न सोडता त्याही निघतात. संगणक प्रत्येकीची दिशा बाणाने दाखवतो आणि आम्ही जखम भरण्याचा वेग मोजतो.

परवा एका बशीत ओरखडा काढायचाच राहून गेला. फोटो मात्र निघाले. दुपारी चहा घेताना पडद्यावर पाहिलं, तर त्या अखंड थरातले सगळे बाण एकाच बाजूला वळले होते, बशीच्या काठापलीकडे कुठेतरी.

"अशा वाहतात कधीकधी," मेधाताई म्हणाल्या. पण चहा त्यांनी तसाच ठेवला.

या पेशी मुळात एका बाईच्या. ती जाऊन कित्येक वर्षं झाली. एका प्रयोगशाळेतून दुसरीत वाढवत, वाटत त्या आमच्यापर्यंत आल्या आणि आम्ही केलेली प्रत्येक जखम निमूटपणे भरत राहिल्या. या वेळी आम्ही काहीच केलं नव्हतं, तरी त्या निघाल्या होत्या. त्या बाईला कुठे लागलं होतं, हे आम्हाला कोणी सांगितलेलं नाही.

मेधाताईंनी ती बशी उचलून खिडकीच्या उजेडात धरली.

"सॉरी हं," त्या म्हणाल्या. त्यांच्या हातात ओरखडा काढायला काहीच नव्हतं.