तळच दिसेना

गेल्या रविवारची गोष्ट. लिहिताना अजून छातीत धडधडतंय, पण लिहितेच.

निलंग्याजवळ आमच्या शेतात छोटा स्विमिंग पूल आहे, मिठाच्या पाण्याचा. पाण्यात मीठ टाकायचं आणि मशीन त्याच मिठातून क्लोरीन बनवतं. ही देखभाल माझ्याकडे... आणि मी मुळात भित्री.

त्या सकाळी पाणी हिरवट, गढूळ दिसलं. टेस्ट केली तर मशीन चालू असूनही क्लोरीन जवळजवळ शून्य, आणि फॉस्फेट एवढं की टेस्टच्या नळीतलं पाणी गडद निळं झालं. फॉस्फेट म्हणजे शेवाळाची मेजवानी, आणि हे शेवाळ सगळं क्लोरीन फस्त करतं.

भोकरहून नणंद आली होती. तिची सात वर्षांची सई पोहायला उतावीळ. मी नको म्हटलं तर सासरे हसले. "हिरीचं पाणी कवा निळं असतंय का? आमी तसल्यातच पोहलो. जाऊ दे लेकराला."

माझं कोण ऐकतंय! पूलच्या डीलरला फोन करायला आत गेले. परत आले तर काठावर सईची चप्पल, टॉवेल... आणि सई नाही.

हाका मारल्या. उत्तर नाही. पाण्यात वाकून बघितलं, तळच दिसेना.

साडीसकट उडी मारली. माझ्या छातीएवढंच पाणी, पण बुडी मारून डोळे उघडले तर स्वतःचे हातही दिसेनात. तळ चाचपत राहिले. हाताला काही लागावं असंही वाटत होतं आणि लागू नये असंही... देवाशपथ, एवढी कधीच घाबरले नव्हते.

वर आले तर समोर सई. अनवाणी, कोरडीठाक, आजोबांचं बोट धरून. वासरू बघायला गोठ्यात गेली होती. "मामी, तू साडी नेसून पोहतेस?"

मी काठ धरून हमसून हमसून रडले. सासऱ्यांना न सांगताच सगळं कळलं, चेहरा पांढराफटक पडला. हळूच म्हणाले, "मिठाच्या गोण्या फाटल्या व्हत्या... म्या मीठ डीएपीच्या रिकाम्या पोत्यात भरून ठिवलं, तेच म्या पाण्यात टाकलं. त्याच्यानं तर न्हाई ना झालं?"

खताच्या पोत्यातलं मीठ! त्यातूनच फॉस्फेट आलं होतं.

आता पाणी नितळ होईपर्यंत पूलच्या फाटकाला कुलूप आहे, आणि चावी सासऱ्यांनी स्वतःच्या करदोट्याला बांधलीय. मला मात्र डोळे मिटले की तो तळ हाताला लागतो... गार, बुळबुळीत, रिकामा. रिकामा होता, एवढ्यासाठीच रोज हात जोडते.